नजरअंदाज

वरुडच्या रस्त्याले, बेलसरेच्या शेडमंधी
आम्ही बारा बाया संत्रं छाटतो.
मोठं इकडं, बारीक तिकडं, डागी मांगं.
भितीवर टीव्ही हाय. मुनीमजीनं लावला,
भाव पाहाले, म्हने.
भाव त्याच्यात येतच नाई.
आठ रोजापासून अमेरिका येऊन राह्यली.

नकाशा येते, लाल अन् निया.
कोटवाला मानूस त्याच्यावर बोट ठेवते,
ठेवलं का थो तुकडा पुरीवानी फुगते.
म्हने, सारं इथंच ठरनार.
दुसऱ्या रोजी दुसरा तुकडा फुगवते.
सारं तिथंच ठरनार.

पाच चौकटी, पाच डोस्के,
सारे संगच बोलते.
यमुनाबाई म्हने, नयावरही एवढा कालवा नाई होत व माय,
अन् तिथं निदान गुंड तरी भरते.

पटावर आमच्या सुदाम बोबडे माइक धरते.
थोही असाच वरडते, कोन पुढं, किती सेकंद.
पन त्याले डाव्या बैलाची माय ठाव असते,
कोनाच्या कोठ्यात व्याली,
कोनत्या साली त्याच्या खुराले खिया लागला होता.
हे नुसते सेकंद सांगते.

मंग एक डाव थी बाई दिसली.
मतदानाच्या लाइनीत उभी, थंडीची टोपी घालून,
वाकून गुडघा चोयत होती.
असा, वाटीच्या खालून,
जसा मी चोयतो पाच वाजता.
तिच्यासमोर कोनं तरी माइक धरला. तिचं तोंड हालत होतं,
आवाज कोटवाल्याचा.
म्हने, अशा बाया यंदा इकडं झुकल्या.
मी हातातलं संत्र तसंच धरून राह्यली.
अवो, थे गुडघ्याले झुकली होती.

आमच्या इथं झेडपी लागली तवा
एक पोट्टा कॅमेरा घेऊन आल्ता. निंबाच्या सावलीत उभं करून
मले विचारलं, मावशी, हवा कोनाची?
मी म्हनलं, बाप्पा, दवाखान्यात डॉक्टर मंगळवारचा येते,
अन् लेकरं तं कोन्त्याही वारी...
थो म्हने, थे राहू द्या,
हवा सांगा.

हवा मले ठाव हाय.
पोल्या संत्र्यात असते.
वरून भल्लं मोठं, चकचकीत, हातात घेतलं का हलकं,
दाबलं का साल आत जाते,
फोडी बिचाऱ्या मधात, लहानशा.
असं फय मी न पाह्यता बाजूले काढतो.

रफीकशेठ बाग घेते नजरअंदाजानं.
एक चक्कर मारते, झाडं मोजत नाई,
उभ्या उभ्या आकडा बोलते.
परसाली चुकला. घरचं मॅटाडोर विकलं.
यंदा झाडाझाडाखाली उकिडवा बसून वर पाहे,
मान दुखली तं बायकोच्या हातून झंडू लावून घेतलं, म्हने.

कोटवालेही चुकले. दनकून चुकले.
मले वाटलं, उद्या खुर्ची रिकामी दिसीन,
नाई तं कोनी मान खाली घालून बसीन.
सकायी पाह्यतो तं थोच कोट,
थोच भांग,
म्हने आम्ही तवाच म्हनलं होतं.

काय म्हनलं होतं गा?
हात संत्र्यात होते आमचे.
कान तं मोकये होते.

थ्याच रोजी बांगलादेशच्या दोन गाड्या
बॉर्डरवरून वापस फिरल्या.
मुनीमजीले फोन आला, थो बाहेर जाऊन बोलला.
टीव्हीत त्याचं काही आलं नाई.
चंद्रकलाची अर्धी हजेरी गेली, माही पुरी.

निंगतानी मी मुनीमजीले म्हनलं,
थ्या टोपीवाल्या बाईनं मत कोनाले देल्लं अशीन?
अन् काहून?
थो म्हने, तुले काय करायचं त्याच्याशी.

काही नाई.
तिले कोनं विचारलंच नव्हतं ना,
म्हून.